दूध तुटल्यानंतरचा आठवडा

सिंदेवाही हा भाताचा मुलूख आहे. बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना भाताच्या बांध्या पसरलेल्या असून त्यांच्या पलीकडे सागाचें, मोहाचें व हिरड्याचें रान लागतें. सिंदेवाहीस भाताचें संशोधन करणारें कृषि-केंद्रहि आहे. जेथें धान भरडलें जातें, तेथें कोंडा व कनकी यांना तोटा नसतो. आणि जेथें कोंडा मुबलक, तेथें डुक्कर पाळणें स्वस्त पडतें. डुकरीण सुमारें ११४ दिवसांनीं विते व एका वेतांत अनेक पिलें देते. जमिनीचा तुकडाहि नसलेल्या कुटुंबाला असें एक वेत म्हणजे वर्षाच्या अडीअडचणीची पुंजी होय. परंतु ही पुंजी पुष्कळदां पिलें आईपासून तोडल्यानंतरच्या आठवड्यांतच बुडते. काल टुणटुणीत दिसणारें पिलूं आज पाण्यासारखें हगतें, उद्यां त्याचे डोळे खोल जातात, आणि दोन-तीन दिवसांत तें हातचें जातें. असें कां व्हावें, आणि स्वयंपाकघरांतील ओवा-लसणासारख्या वनस्पति येथें कितपत उपयोगी पडतात, हें समजून घेण्याजोगें आहे.

डुकराच्या पिलाला आईच्या गर्भाशयांत रोगप्रतिकारक द्रव्यें मिळत नाहींत. तीं सर्व त्याला चिकांतूनच घ्यावीं लागतात, आणि जन्मानंतर एक-दीड दिवसांत तीं शोषून घेण्याची आतड्याची शक्ति संपते. पुढें तें दुधावर वाढतें. त्याच्या जठरांत स्वतःचें आम्ल थोडेंच तयार होतें. परंतु दुधांतील साखरेवर पोसलेले उपकारक जंतू लॅक्टिक आम्ल निर्माण करितात व ही उणीव भरून काढतात. दूध एकाएकीं तोडलें कीं हा आधार सुटतो. बावरलेलें पिलूं एक-दोन दिवस कांहींच खात नाहीं. त्या उपासानें आतड्याच्या आंतील मखमलीसारखे रसांकुर आखूड होतात. मग भूक अनावर होऊन तें अधाशासारखें खातें. अर्धवट पचलेलें अन्न आंत साचतें, त्यावर ई-कोलाय जातीचे अपायकारक जंतू माजतात, आणि त्यांच्या विषानें शरीरांतील पाणी आतड्यांत ओढलें जाऊन हगवण लागते. रोगाचें मूळ केवळ जंतूंत नसून दूध तोडण्याच्या रीतींतहि आहे, हें यावरून ध्यानीं येईल.

युरोप-अमेरिकेंतील मोठ्या वराहपालकांनीं यावर प्रतिजैविकांचा उपाय काढला. १९५० च्या सुमारास असें आढळलें कीं, खाद्यांत अल्प प्रतिजैविक मिसळल्यास जनावरें जलद वाढतात. पुढें ती वहिवाटच पडली. परंतु रोज थोडें थोडें औषध मिळत राहिलें कीं जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि असे निर्ढावलेले जंतू माणसांपर्यंतहि पोहोंचतात. म्हणून स्वीडनने १९८६ सालीं वाढीसाठीं प्रतिजैविकें देण्यास बंदी केली. युरोपीय संघानें २००६ पासून ती सर्वत्र लागू केली. जस्ताच्या भस्माचा औषधी मात्रेंतील उपयोगहि जमीन दूषित होते या कारणास्तव तेथें २०२२ मध्यें बंद झाला. भारतानेंहि २०१९ सालीं कोलिस्टिन हें मानवी उपचारांत अखेरचा आधार असलेलें औषध अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांना देण्यास मनाई केली. या बंद्यांमुळेंच वनस्पतींकडे शास्त्रज्ञांचें लक्ष नव्यानें वळलें.

ओव्याला जो तिखट वास येतो तो थायमॉल नांवाच्या द्रव्याचा. हें द्रव्य जंतूंच्या आवरणास छिद्रें पाडतें. लसणांतील ॲलिसिन व दालचिनीचें तेल यांच्याहि अंगीं जंतुनाशक गुण आहेत. हळद दाह कमी करिते. हिरड्यांतील टॅनीन तुरट असल्यामुळें आतड्याचा स्राव आवरतें. याखेरीज सुगंधी द्रव्यांनीं पाचक रस सुटण्यास मदत होते, असेंहि मानतात.

प्रयोगांत अशीं तेलें एक किलो खाद्यास शेंकडों मिलिग्रॅम या मानानें वापरतात. येथें थोडा हिशेब करून पाहावा. ओव्यांत सुमारें शेंकडा तीन भाग तेल असतें आणि त्या तेलांत जवळजवळ अर्धा भाग थायमॉल. १०० किलो खाद्यांत अर्धा किलो कुटलेला ओवा घातला तर १५ ग्रॅम तेल, म्हणजे ७-८ ग्रॅम थायमॉल जातें. किलोमागें तें सुमारें ७५ मिलिग्रॅम पडतें. ही मात्रा अगदींच नगण्य नव्हे. तथापि दाणा जुना झाला कीं तेल उडून जातें, आणि जें उरतें तेंहि बहुतांशीं जठरांत व आतड्याच्या आरंभींच शोषलें जातें. जंतू मात्र त्याच्या पुढें ठाण मांडून बसलेले असतात. म्हणून कारखान्यांत या तेलावर चरबीचें वेष्टण चढवितात. एवढें करूनहि सर्व प्रयोगांचे निष्कर्ष सारखे येत नाहींत. कोठें हगवण उणावते, कोठें कांहींच फरक दिसत नाहीं.

वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतहि टाकून द्यावयास हवी. हिरडा अधिक झाला तर त्यांतील टॅनीन अन्नांतील प्रथिनांना बांधून ठेवतें व पिलूं खुरटतें. मोहाच्या टोळीची पेंड रानांत सहज मिळते, पण तींत सॅपोनिन असल्यानें ती पिलांना घालूं नये. कोंड्याचीहि तीच गोष्ट. धान भरडल्याबरोबर त्यांतील तेल खवट होऊं लागतें. महिनाभर पोत्यांत पडलेला कोंडा कोंवळ्या आतड्याला सोसत नाहीं.

याउलट भाताची एक देणगी घराघरांत आहे. ती म्हणजे शिजलेला भात व पेज. शिजवल्यानें पिष्ट सुलभपणें पचतें आणि जंतूंच्या वांट्याला थोडेंच उरतें. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं १९९० च्या दशकांत पिलांना शिजलेल्या भाताचें खाद्य देऊन रोग कमी झाल्याचें पाहिलें होतें. मागाहून झालेल्या प्रयोगांत मात्र तो परिणाम दर वेळीं तितकाच आढळला नाहीं. माणसांच्या पटकींतहि तांदळाच्या पेजेचें मीठ घातलेलें पाणी गुणकारी ठरलें आहे.

तेव्हां क्रम असा असावा. जन्मतांच प्रत्येक पिलाला चीक मिळेल असें पाहावें. दुधांत लोह फार थोडें असल्यानें पहिल्या आठवड्यांत पशुवैद्याकडून लोहाचें इंजेक्शन द्यावें. दूध तोडण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे शिजलेली कनकी व ताजा कोंडा थोडा थोडा चाटवावा आणि त्यांत प्रथिनासाठीं भाजलेलें सोयाबीन किंवा सुकट मिसळावी. सहा ते आठ आठवड्यांच्या आंत पिलें तोडूं नयेत; तोडल्यावर जागा कोरडी, उबदार व पाणी स्वच्छ असावें. एवढें सांभाळल्यावर ओवा-लसणाची जोड द्यावी. हगवण लागलीच तर मीठ-साखरेचें पाणी लगेच पाजावें. रक्त पडूं लागलें, ताप आला किंवा अनेक पिलें एकदम आजारी झालीं तर विनाविलंब पशुवैद्यास बोलवावें. डुकरांच्या स्वाइन फीव्हरला लस हाच उपाय आहे; तेथें कोणतीहि वनस्पति चालत नाहीं.

ओवा हा चांगला मदतनीस आहे. परंतु घाईनें तोडलेल्या, उपाशी व ओल्या जागेंत निजलेल्या पिलाला तो वांचवूं शकत नाहीं. तो आठवडा ज्या घरानें जपला, त्याचें वेत बहुधा बाजारापर्यंत सुखरूप पोहोंचतें.