दम्याची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

राळेगणसिद्धीच्या दुकानांतून बिडी-सिगारेट गेली, गावात गोबरगॅस आला. दमेकऱ्याला धूर टळणे हा मोठाच दिलासा. तरीही दमा उसळला, की बरेचदा डॉक्टर काही दिवस प्रेडनिसोलोन देतात. थायरॉइड ठणठणीत असलेल्या माणसातही हे स्टेरॉइड, विशेषतः मोठ्या डोसमध्ये, पिट्युटरी ग्रंथीतून येणारे, थायरॉइडला चालना देणारे टीएसएच दाबते आणि टी-४ (थायरॉक्सिन) या थायरॉइड संप्रेरकाचे टी-३मध्ये होणारे रूपांतर मंदावते. रिपोर्टवर टीएसएच कमी दिसते, म्हणून थायरॉइड वाढला असे नव्हे. टी-३ उलट उतरलेले असू शकते. थोड्या दिवसांचा कोर्स संपला की आकडे सहसा पूर्वपदावर येतात. नेहमीच्या डोसच्या स्टेरॉइड पंपाने असा फरक क्वचितच पडतो. दम्यावरच्या सालब्युटामॉल या औषधाने हात थरथरतात, छाती धडधडते; लक्षणे वाढलेल्या थायरॉइडसारखीच, पण कारण वेगळे.

विशेष म्हणजे १९१४मध्ये थायरॉक्सिन वेगळे काढणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनीच पुढे कॉर्टिसोन या स्टेरॉइडवरही काम केले आणि १९५०च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

थायरॉइडची तपासणी करायला जाताना दम्याच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रिपोर्ट पाहून घाबरून गोळी किंवा पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.