ऊष्मालेखन, त्वचेचे

ऊष्मालेखन, त्वचेचे : शरीराच्या पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाचे मापन करून त्वचेच्या तापमानाचे स्थानपरत्वे चित्र तयार करण्याच्या तंत्रास त्वचेचे ऊष्मालेखन व त्या चित्रास ऊष्मालेख म्हणतात. या तंत्रात शरीराला स्पर्श करावा लागत नाही; तसेच क्ष-किरणांप्रमाणे शरीरावर बाहेरून प्रारण सोडले जात नाही.

त्वचेचे तापमान : शरीराच्या अंतर्भागाचे तापमान सु. ३७° से. इतके स्थिर राखले जाते. त्वचेचे तापमान मात्र परिस्थितीनुसार बदलते. सुखावह हवेत ते सरासरीने सु. ३३° से. असते, थंडीत पायाची बोटे त्याहून पुष्कळच गार होतात. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंद वा अरुंद झाल्याने हा बदल घडतो. सरासरी काढण्यासाठी एन्. एल्. रामनाथन यांनी १९६४ मध्ये सुचविलेले सूत्र सुटसुटीत आहे. त्यात छाती व दंड यांच्या तापमानांच्या बेरजेला ०·३ ने आणि मांडी व पोटरी यांच्या तापमानांच्या बेरजेला ०·२ ने गुणून दोन्ही गुणाकार मिळवितात. उदा., ही तापमाने अनुक्रमे ३४°, ३३°, ३२° व ३१° से. असल्यास सरासरी ३२·७° से. येते. ऊष्मालेखात चारच नव्हे, तर हजारो बिंदूंवरील तापमान एकाच वेळी मिळते.

तत्त्व : विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त प्रारणाचा शोध लावला. प्रत्येक पदार्थ आपल्या निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात प्रारण उत्सर्जित करतो. त्वचेची उत्सर्जनक्षमता सु. ०·९८, म्हणजे आदर्श कृष्ण पदार्थाच्या जवळपास असते व ती त्वचेच्या वर्णावर अवलंबून नसते, हे जे. डी. हार्डी यांनी १९३४ मध्ये दाखविले. ३३° से. तापमानाच्या त्वचेचा प्रत्येक चौ. मी. सु. ४९० वॉट प्रारण उत्सर्जित करतो. हे प्रारण सु. ९·५ मायक्रोमीटर तरंगलांबीस सर्वाधिक असते; म्हणून ८ ते १४ मायक्रोमीटर पट्ट्यातील प्रारण टिपणारे अभिज्ञातक बहुतेक कॅमेऱ्यांत वापरतात. काच व जाड कापड यांतून हे प्रारण पार जात नाही. त्यामुळे तपासावयाचा भाग उघडा ठेवून, वारा व ऊन नसलेल्या खोलीत काही वेळ थांबून मगच चित्र घेतात. तेल, मलम वा घाम यांमुळे मापन चुकते.

उष्ण प्रदेशातील मर्यादा : मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात हळदीचे कंद शिजविणे व वाळविणे ही कामे मुख्यत्वे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालतात. पुढे भर उन्हाळ्यात येथील हवेचे तापमान ४०° से.च्या वर जाते. सभोवतालचे पृष्ठ ४२° से.पर्यंत तापले, तर त्यांच्याकडून प्रत्येक चौ. मी.ला सु. ५६० वॉट प्रारण येते. म्हणजे त्वचा देते त्याहून अधिक ऊष्मा घेते. अशा वेळी शरीर थंड ठेवण्यास घामाचे बाष्पीभवन हाच उपाय उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सु. २·४ किलोज्यूल ऊष्मा नेतो. मात्र घामाने भिजलेली त्वचा गार भासत असतानाही अंतर्भागाचे तापमान धोक्याच्या पातळीस पोहोचलेले असू शकते. म्हणून उष्माघाताचा संशय असलेल्या मजुराच्या कपाळाचे मापन पाहून निश्चिंत होणे घातक ठरते. गोंधळलेले बोलणे, तोल जाणे वा बेशुद्धी ही लक्षणे दिसताच त्याला सावलीत नेऊन अंग थंड करणे व वैद्यकीय मदत मिळविणे आवश्यक असते. निदानासाठी गुदद्वारातील तापमान विश्वसनीय मानतात.

उपयोग : कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांत अधिक वाढतात, म्हणून कानाच्या पाळ्या, नाक व हातपाय यांवर रोगाचा परिणाम विशेष दिसतो. अशा रोग्यांच्या बधिर पावलांना इजा कळत नाही. वेल्लोर येथे व नंतर अमेरिकेतील कारव्हिल येथे काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी पावलांवरील उष्ण ठिपके ऊष्मालेखाने हेरून व्रण होण्यापूर्वीच सावध होण्याची पद्धती पुरस्कारिली. मधुमेही रोग्यांच्या पावलांनाही हेच तत्त्व लागू पडते.

रे लॉसन यांनी १९५६ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील त्वचा अधिक उष्ण असल्याचे नोंदविले. तथापि पुष्कळ अर्बुदांमुळे पृष्ठभागी असा फरक दिसत नाही. उलट साध्या दाहानेही त्वचा तापते. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये या तंत्रास केवळ पूरक चाचणी म्हणून मान्यता दिली. स्तनाच्या क्ष-किरण तपासणीऐवजी एकट्या ऊष्मालेखावर विसंबल्यास रोगनिदान लांबणीवर पडण्याचा धोका असतो.

साथीच्या काळात ज्वर असलेल्या प्रवाशांना हेरण्यासाठीही हे तंत्र वापरतात. कोविड-१९ च्या साथीत जानेवारी २०२० मध्ये मुंबईच्या विमानतळावर अशी तपासणी सुरू झाली. यासाठी कपाळापेक्षा डोळ्याचा नाकाकडील कोपरा अधिक योग्य असतो, कारण तेथील तापमान अंतर्भागाच्या तापमानाशी अधिक निगडित असते. परंतु ज्वर येण्यापूर्वीचा संसर्ग वा औषधाने दबलेला ज्वर कॅमेऱ्यास दिसत नाही. सारांश, ऊष्मालेख त्वचेची अवस्था दाखवितो. त्यावरून शरीरांतर्गत स्थितीचे अनुमान करताना इतर तपासण्यांची जोड द्यावी लागते.