मिशन शाळेची नातवंडं, घरातली शाळा

रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात, चिंचेखाली, पंधरावीस मिनिटं सगळे रेंगाळतात. सलाम होतो, गुडघेदुखीची चौकशी होते आणि मग कुणीतरी माझ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारतं, “काय रे, कितवीत आता?” तो माझ्याकडे बघतो, मी चहाच्या कपात बघते. खरं उत्तर दिलं तर चहा गार होईपर्यंत प्रश्न संपत नाहीत, हे चार वर्षांत कळलं आहे. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेते. काही बाबतीत विचारणाऱ्यांपेक्षा माझाच गैरसमज मोठा होता, तेही सांगते.

“धर्मासाठीच काढलं असेल ना शाळेतून?”

हा समज दोन्हीकडून येतो. शेजारच्या काकूंना वाटतं, आम्ही दार लावून मुलांकडून बायबल पाठ करून घेतो. मंडळीतल्या काहींना नेमकं तेच वाटतं, फक्त कौतुकानं: “बरं केलंस, जगाचा वारा लागायला नको.” दोघांच्याही डोळ्यांसमोरचं चित्र अमेरिकेतून आलेलं आहे.

तिथे ते चित्र बऱ्याच अंशी खरं होतं. सरकारी शाळांनी घेतलेली प्रार्थना १९६२ मध्ये आणि बायबलवाचन १९६३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं. ऐंशीच्या दशकात हजारो ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना शाळेतून काढलं, १९८३ मध्ये त्यांच्यासाठी कोर्टात लढणारी संघटना उभी राहिली, आणि आज पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर आहे. पण या चळवळीचा दुसरा उगम धार्मिक नव्हताच. जॉन होल्ट हा शाळामास्तर. शाळा सुधारण्याची आशा सुटल्यावर त्यानं १९७७ मध्ये घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. आणि २०१६ च्या सरकारी पाहणीत तिथल्या पालकांना सर्वांत महत्त्वाचं कारण विचारलं, तेव्हा ३४ टक्क्यांनी शाळेतलं वातावरण सांगितलं, १७ टक्क्यांनी शिकवण्याबद्दलची नाराजी. धार्मिक शिक्षण हे कारण १६ टक्क्यांचं. पुढे करोनाच्या वर्षात, २०२० च्या वसंतापासून शरदापर्यंत, घरी शिकवणारी कृष्णवर्णीय कुटुंबं ३.३ टक्क्यांवरून १६.१ टक्क्यांवर गेली. म्हणजे तिथलंही चित्र आता जुनं झालं आहे.

माझं कारण यातल्या कशातच बसत नाही. करोनात शाळा मोबाइलवर आली आणि मुलगा वर्गात काय करतो, ते मला पहिल्यांदाच दिसलं. दुसरीतला मुलगा धडा घडाघडा वाचायचा. एकदा सहज पुस्तक मिटलं, तरी तो वाचतच राहिला! शब्दन् शब्द पाठ होता. तोच धडा “तुझ्या भाषेत सांग” म्हटलं की ओठ घट्ट मिटायचे. चूक शाळेची नव्हती. साठ मुलांच्या वर्गात कुणाला हे दिसणार? मला दिसलं एवढंच, आणि एकदा दिसल्यावर दुर्लक्ष करता येईना. २०२२ च्या जूनमध्ये थोरलीला आणि त्याला, दोघांनाही काढलं.

उलट धर्म आडवा आला. माझ्या सासूबाई चौतीस वर्षं मिशन शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे आजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यातून, गावकुसाबाहेरून, नगरच्या बोर्डिंगात आले आणि शिकले. आमच्या नगरमध्ये (नाव आता अहिल्यानगर झालं, जिभेला अजून सवय नाही) ख्रिस्ती होणं आणि शाळेत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आलं. सिंथिया फरार ही बाई १८३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, इथे मुलींच्या शाळा चालवत होती. त्या शाळा पाहूनच जोतिराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढायचं आलं. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं तेही इथूनच, १८४२ मध्ये. अमेरिकेतला ख्रिस्ती माणूस श्रद्धेपायी शाळा सोडतो, तर आमच्या श्रद्धेचा अर्धा इतिहास शाळेच्या हजेरीपटात सापडतो.

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, “ज्या दारातून आपण माणसांत आलो, ते दार लेकरांना बंद करतेस.”

मी पंडिता रमाबाईंचा आधार घेतला. रमाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत त्यांना संस्कृत शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, तेही तीर्थयात्रेत, चालत्या बिऱ्हाडात. सासूबाईंनी चष्मा पुसला. “आणि मोठेपणी रमाबाईंनी काय केलं गं? शाळाच काढली ना?” शारदा सदन, मुंबई, १८८९. मी गप्प बसले. त्या वादात मी अजून जिंकलेली नाही.

“हे कायद्यात बसतं का?”

सरळ ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं. यातली ‘सक्ती’ कुणावर, यातच लोकांचा घोटाळा होतो. कलम ८ च्या व्याख्येप्रमाणे ती सरकारवर आहे: शाळा उपलब्ध करायची, मूल दाखल होतं का, येतं का, शिकतं का ते पाहायचं. पालकांसाठी कलम १० आहे. मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं ते म्हणतं. ते न केल्यास शिक्षा मात्र कायद्यात कुठेच नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला लाखापर्यंत दंड आहे, मुलाला घरी शिकवणाऱ्या आईला नाही. म्हणून ‘पोलीस येतील’ हे खोटं आणि ‘कायद्यानं परवानगी दिली आहे’ हेही खोटं. होमस्कूलिंग हा शब्दच त्या कायद्यात नाही.

जर्मनीत अशी संदिग्धता नाही. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे. श्रद्धेच्या कारणावरून सूट मागणाऱ्या ख्रिस्ती आईबापांचा अर्ज २००६ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानंही फेटाळला. वेगवेगळ्या थरांतली मुलं एका वर्गात बसण्यात समाजाचं हित आहे, हा जर्मनीचा युक्तिवाद न्यायालयानं मान्य केला. माझ्या विरोधातला असला तरी तो मला पटतो. पुढे त्यावर येतेच.

“तुला सगळे विषय येतात?”

नाही. दशांश अपूर्णांकांचा भागाकार मी मुलाबरोबर नव्यानं शिकले आणि त्याच्यानंतर शिकले.

इथे माझाच भ्रम सांगते. घरातली शाळा म्हणजे शाळा घरी आणायची, असं मला वाटलं होतं. हॉलमध्ये फळा लावला. सकाळी साडेसातला प्रार्थना, आठला गणित, पावणेनऊला मराठी, भिंतीवर वेळापत्रक. नवव्या दिवशी थोरली म्हणाली, “मम्मी, शाळेत निदान मधली सुट्टी तरी असायची.” साठ मुलांसाठी आखलेला दिवस दोन मुलांना लावला की तो दहा वाजताच संपतो, आणि उरलेल्या वेळात आई उगाच ओरडत राहते. फळ्यावर आता दूधवाल्याचा हिशेब असतो.

उपयोगी पडली ती शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची (१८४२–१९२३) एक साधी युक्ती. मुलाला चांगलं पुस्तक एकदाच वाचून दाखवायचं आणि मग त्यानं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही. ज्याचे ओठ मिटायचे, त्याच्यासाठी हे औषध कडू होतं. सुरुवात आम्ही रूथच्या पुस्तकापासून केली, कारण ते चारच अध्यायांचं आहे आणि त्यात सासू-सुनेची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, “दुष्काळ पडला. ते गेले.” दोन वाक्यं. पण त्याची स्वतःची. पुरती गोष्ट सांगायला त्याला पाच महिने लागले.

आता ‘फक्त बायबलच शिकवता का’ याचं उत्तर. अमेरिकेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून मी ख्रिस्ती अभ्यासक्रमाचा जुना संच घेतला होता. छपाई सुरेख, गणित व्यवस्थित. विज्ञानाच्या पुस्तकात मात्र उत्क्रांती साफ खोडून काढलेली. माझी पदवी प्राणिशास्त्राची. देवानं जग निर्माण केलं यावर माझा विश्वास आहे, आणि बेडकाचं हृदय मी प्रयोगशाळेत हातात धरून पाहिलं आहे. दोन्ही गोष्टी माझ्यात कधी भांडल्या नाहीत. तो संच माळ्यावर गेला. आम्ही वापरतो ती बालभारतीची पुस्तकं, जी मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.

घरी शिकणारी मुलं शाळेतल्यांपेक्षा हुशार निघतात, हा दावा आमच्या बाजूचे लोक हौसेनं करतात. त्यावर फार विसंबू नये. त्यामागच्या अनेक अमेरिकी अभ्यासांत आपणहून पुढे आलेली कुटुंबंच मोजलेली होती, आणि ज्यांचं बरं चाललंय तेच आपणहून पुढे येतात. उलट बाजूही तिथूनच कळते. घरी शिकून मोठी झालेली काही माणसं २०१३ मध्ये एकत्र आली आणि त्यांनी देखरेखीचे नियम मागणारी संस्था काढली. घरात मुलाचे हाल होत असतील तर ते बाहेरच्या कुणाच्या नजरेला पडावेत, ही त्यांची मागणी. वर्गशिक्षिका रोज मुलाचा चेहरा बघते, हे काही कमी काम नाही.

“एकलकोंडी होतील”

याला आमच्या गोटात ठरलेलं उत्तर असतं: मुलं सगळ्या वयाच्या माणसांत मिसळतात. खरं आहे. माझा मुलगा भाजीवालीशी, पाळकसाहेबांशी, सायकलच्या दुकानदाराशी तासन्‌तास बोलतो. संध्याकाळी मैदानावर फुटबॉल आहे, रविवारी संडे स्कूल आहे.

पण सकाळी अकरा वाजता आमची गल्ली रिकामी असते. गेटवर हात टेकून उभा असलेला तो मी पाहिला आहे. आणि संडे स्कूलमध्ये असतात कोण? आपलीच मुलं. तीच आडनावं, तीच गाणी. शाळेत त्याच्या बाकावर एमआयडीसीतल्या कामगाराचा मुलगा होता, पलीकडे ईदला शीरखुर्म्याचा डबा आणणारा. ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. पटावर नावं आली तशी मुलं बसली. शाळेनं जे न मागता दिलं, ते मी मागून, फोन करून, रिक्षानं जाऊन मिळवते आणि तरी निम्मंच मिळतं. जर्मनांचा युक्तिवाद पटतो म्हटलं, तो यासाठी.

“दहावीचं काय?”

हा सर्वांत भीतीचा आणि सर्वांत सोपा प्रश्न. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते. विषय आपण निवडायचे, वर्षातून दोनदा परीक्षा, एक विषय आज आणि एक पुढच्या वेळी असं पाच वर्षांत नऊ संधींमध्ये पुरं करायचं. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे घराघराला ठाऊक आहे. फक्त तो नापासांचा, असं आपण उगाच ठरवून टाकलं आहे.

काळजी करायची ती अकरावीनंतरची. सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीनं संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीनं प्रवेश दिला. आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं. म्हणजे शाळा नसली तरी चालेल, पण बोर्डाचा कागद हवा. माझ्या मुलाचा एनआयओएसचा फॉर्म पुढच्या वर्षी भरायचा आहे.

खर्चाचं थोडक्यात: पुस्तकांना फार लागत नाही. लागतो तो एक पगार. माझी लॅबमधली नोकरी गेली, ह्यांच्या पगारात घर भागतं म्हणून हे जमलं. ज्या बाईला सकाळी सातला कामावर जायचं आहे, तिला शाळेचे दोष सांगायला मी जात नाही.

“आता परत शाळेत घेणार नाहीत”

घेतात. याच कायद्याचं कलम ४ आहे: सहा वर्षांवरचं मूल शाळेबाहेर असेल तर त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं. आम्हाला त्याची गरज पडली, कारण दोन वर्षांनी थोरली म्हणाली, “मला शाळेत जायचंय.” मी कारणं विचारली, जरा दुखावूनच. ती म्हणाली, “खो-खोला नऊ जण लागतात. आपण घरात पाच.”

२०२४ च्या जूनमध्ये आठवीच्या प्रवेशाला सासूबाई इस्त्रीची साडी नेसून बरोबर आल्या. फॉर्म त्यांनीच भरला, मोत्यासारख्या अक्षरात. क्लार्कनं जुना दाखला उलटसुलट पाहिला.

“पाचवीनंतर मधली दोन वर्षं?”

“घरी होती,” मी म्हटलं.

“आजारी होती का?”

मी तोंड उघडलं, कलम ४ जिभेवर होतं. सासूबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. क्लार्कनं शेरा लिहिला: आजारपणामुळे खंड. “लिहू दे,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “प्रवेश झाला ना.” मुलगी मात्र आठवडाभर आम्हा दोघींशी बोलली नाही. दोन वर्षांत तिला साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती.