टायर मोठा, ॲव्हरेज छोटे?

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीसारख्या गावातला एक पिकअप टेम्पो डोळ्यांसमोर आणू. काही दिवस तो माल घेऊन सपाट रस्त्याने वाशीच्या बाजाराकडे जातो, काही दिवस बोरघाट चढून लोणावळ्याला. त्याचे टायर आता गुळगुळीत झाले आहेत आणि नवे घ्यायचे आहेत. दुकानदार म्हणतो, ‘‘एक नंबर मोठा टाका, गाडी हायवेला आरामात पळेल.’’ शेजारचा अनुभवी चालक म्हणतो, ‘‘भाऊ, मोठा टायर टाकलास की ॲव्हरेज पडलंच म्हणून समज.’’ खरे कोणाचे मानायचे? शाळेत शिकलेले वर्तुळाच्या परिघाचे सूत्र आणि थोडे भौतिकशास्त्र एवढ्यावर आपण याचे उत्तर शोधू शकतो.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे काही छापलेले असते. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही एकत्र नांदतात!

आता या टायरचा व्यास काढू. बाजूची उंची २१५ × ०.७५ = १६१.२५ मि.मी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणून ३२२.५ मि.मी. त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मि.मी. मिळवले की व्यास ७०३.५ मि.मी. परिघ सुमारे २.२१ मीटर.

दुकानदाराने सुचवलेला टायर २३५/७५ आर १५ आहे असे समजू. त्याचा व्यास ७३३.५ मि.मी. आणि परिघ सुमारे २.३० मीटर येतो. वाढ ४.३ टक्के. रस्त्यावर वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे एका फेऱ्यात कापलेले अंतर यापेक्षा जरा कमी भरते. पण दोन टायरांचे गुणोत्तर जवळजवळ तेच राहते.

मीटर कि.मी. मोजत नाही

पूर्वी रस्ते मोजणारे सर्वेक्षक परिघ माहीत असलेले एक चाक रस्त्यावरून ढकलत नेत आणि त्याचे फेरे मोजत. गाडीचा मीटर नेमके तेच करतो. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून निघालेली केबल असो की नव्या गाडीतला संवेदक असो, त्याला कळतात ते फक्त फेरे. कारखान्यात त्याला शिकवलेले असते की सुमारे ४५२ फेरे झाले की १ कि.मी. झाला. टायर मोठा घातला तरी तो ४५२ फेऱ्यांनाच १ कि.मी. म्हणतो, प्रत्यक्षात गाडी तोवर १,०४३ मीटर गेलेली असते. थोडक्यात, टायर हीच मीटरची मोजपट्टी आहे. टायर बदलताना आपण नकळत मोजपट्टीही बदलतो.

खोटी घट आणि खरी घट

जुन्या मापाच्या टायरवर टाकी फुल करून गाडी ४८० कि.मी. चालली आणि पुन्हा टाकी फुल करायला ४० लिटर डिझेल लागले असे समजू. ॲव्हरेज १२ आले. मोठे टायर घालून त्याच रस्त्यांवर तेवढेच अंतर कापले तर मीटर दाखवील ४६०. डिझेल ४० लिटरच लागले असले तरी भागाकार ११.५ येतो. चालक म्हणेल, ‘‘अर्धा किलोमीटर गेला!’’ वास्तविक काहीच गेलेले नाही.

आता डिझेल ४१ लिटर लागले असे धरू. मीटरप्रमाणे ॲव्हरेज ११.२, म्हणजे घट ०.८. खरे ॲव्हरेज मात्र ४८० भागिले ४१, म्हणजे ११.७, घट फक्त ०.३. दिसणाऱ्या घटीतला निम्म्याहून अधिक भाग मोजपट्टीचा आहे.

उलटही घडते. लहान टायर घातला, तर मीटर जास्त कि.मी. दाखवतो आणि डिझेलचा खर्च तसाच असताना मालक खूश होतो. झिजलेला टायर हा असाच एक लहान टायर असतो. नव्या टायरची खाच ८ मि.मी. खोल होती आणि ती १.६ मि.मी. उरली असे मानले, तर व्यास १२.८ मि.मी. कमी झाला, म्हणजे १.८ टक्के. म्हणून त्याच मापाचा नवा टायर घातला तरी ॲव्हरेज ‘पडते’. त्यातला काही भाग मात्र खरा असतो. नव्या टायरवर रबर जास्त असते आणि ते वाकवायला जास्त ऊर्जा लागते.

डिझेल कुठे जाते?

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो चपटा होतो आणि सुटल्यावर पूर्ववत होतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेते तेवढी सगळी परत करत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. लांबून आलेल्या गाडीचा टायर हाताला गरम लागतो तो प्रामुख्याने यामुळेच. या विरोधासाठी लागणारे बल चांगल्या रेडियल टायरला वजनाच्या साधारण १ टक्का असते. मालासह अडीच टनांच्या गाडीला ते सुमारे २५ किलोग्रॅम वजनाइतके होते. हवा कमी असेल तर रबर जास्त वाकते आणि हा आकडा वाढतो.

आता खोपोलीहून लोणावळ्याला जाऊ. चढ सुमारे साडेपाचशे मीटर, अंतर १५ कि.मी. धरू. अडीच टन वजन एवढे वर न्यायलाच सुमारे १३.५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात आणि इंजिन त्यातले ३० टक्के कामी आणते असे मानले, तर सव्वा लिटर डिझेल केवळ उंची गाठण्यात जाते. टायरच्या विरोधासाठी मात्र या १५ कि.मी.त सुमारे ०.३५ लिटर लागते. रुंद, जड टायरने हा विरोध १० टक्के वाढवला तरी फरक ३५ मिलिलिटरचा, म्हणजे कपभरही नाही. घाटात खरा हिशेब मालाच्या वजनाचा असतो.

पण घाटात दुसरा प्रश्न उभा राहतो. चाकाची त्रिज्या वाढली की त्याच गिअरमध्ये रस्त्यावर पडणारा जोर सुमारे ४ टक्के घटतो. जिथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती तिथे दुसरा घालावा लागू शकतो. सपाट हायवेवर मात्र तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात आणि थोडी बचत होऊही शकते. म्हणजे दुकानदार आणि शेजारी दोघेही थोडे बरोबर आहेत. निकाल गाडी कोणत्या रस्त्यावर जास्त चालते यावर ठरतो.

पैशांपलीकडचा हिशेब

उतरताना हीच त्रिज्या ब्रेकच्या विरोधात जाते. गाडी तेवढ्याच अंतरात थांबवायची तर ब्रेकवर सुमारे ४ टक्के अधिक जोर लागतो. मीटर आधी अचूक असेल, तर तो आता ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२.६ च्या वेगाने धावत असते. कि.मी.वर भाडे घेणाऱ्याला प्रत्येक १०४ कि.मी.मागे १०० चेच पैसे मिळतात. ऑइल बदलण्याची वेळही तेवढी पुढे सरकते. भरलेल्या गाडीचा टायर वाकलेल्या चाकाखोबणीला घासत असेल, तर गोष्ट अधिकच गंभीर.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा. प्रथम गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतले किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवरचे माप पाहावे. मग टायरची भार पेलण्याची क्षमता पाहावी. ती सांगितलेल्यापेक्षा कमी नको. एकाच आसावर दोन वेगळ्या व्यासांचे टायर कधीही घालू नयेत. जाड नक्षीचा टायर चिखलात उपयोगी, पण डांबरी रस्त्यावर डिझेल खातो. आणि हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासावी. ही सर्वांत स्वस्त बचत आहे.

वर्गात करून पाहा

सायकलच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. सायकल दहा फेरे सरळ ढकला, अंतर मोजा आणि दहाने भागा. मग एका मुलाला सीटवर बसवून तेच करा. शेवटी थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. अंतरे सारखी येत नाहीत असे मुलांच्या लक्षात येईल. नंतर गावातल्या एखाद्या चालकाला विनंती करून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी त्याच्या मीटरचे १० कि.मी. ताडून पाहायला सांगा. त्या दहा किलोमीटरांचा फरक घेऊन मुले त्याचे खरे ॲव्हरेज काढून देऊ शकतील. पुढचे टायर घेताना त्या चालकाच्या हाती ऐकीव सल्ल्याऐवजी स्वतःच्या गाडीचा आकडा असेल.