नाचणाऱ्या लेकीचं ताट



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंना रडू आलं. त्यांची नववीतली लेक गॅदरिंगच्या नाचाच्या तालमीत चक्कर येऊन पडली होती. विचारपूस केली तेव्हा कळलं, पोरीनं महिनाभर रात्रीची भाकरी सोडली होती. का, तर 'नऊवारीत जाड दिसशील' असं कुणीतरी म्हणालं होतं. ते म्हणणाऱ्या परक्या नव्हत्या, आम्हीच होतो.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. युरोपात बॅले नावाचा नाच आहे. पायाच्या बोटांवर उभं राहून तो करतात आणि त्यात बारीक अंगाला फार मान. म्हणून वयात येणाऱ्या कितीतरी मुली सराव वाढवतात आणि खाणं तोडतात. पोटात कमी गेलं की शरीर काटकसर करतं. पाळी लांबते, कधी थांबते. हाडं कच्ची राहतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये सगळ्या खेळाडूंसाठी हाच इशारा दिला. लावणी असो, लेझीम असो की कबड्डी, शरीर तेच!

हाडं भरायचं वयही हेच. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. ते आपल्या घरातच आहे.

तालमीच्या तासभर आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या. तालमीहून आली की पोटभर जेवण: भाकरी, मटकीची उसळ किंवा वरण, पालेभाजी. भाजीवर लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. नाचणारीला नाचणी हवीच. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. भाकरी करा, आंबील करा, तिळाची चटणी सोबत द्या. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायला लावा.

नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. आरोग्य केंद्रात दाखवा.

आमच्या गटानं आता एक ठरवलंय. कुणाच्याही लेकीला जाड-बारीक म्हणायचं नाही. विचारायचं एवढंच, "जेवलीस का गं?"