पोलीस व्हेरिफिकेशन कोणी करायचे?

घर पसंत पडते, डिपॉझिट ठरते. मग नाव कळल्यावर मालक म्हणतो, "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीला क्लिअरन्स लागतो. आधी पोलीस व्हेरिफिकेशन करून आणा." आपल्या वाचकांना हे वाक्य पाठ असेल. पुढचे आठ दिवस घरातला कर्ता मुलगा पोलीस ठाण्याचे खेटे घालतो.

मुळात हे काम त्याचे नाहीच. मुंबईसारख्या शहरात पोलीस वेळोवेळी आदेश काढतात, तो घरमालकाला असतो : भाडेकरूचे नाव, फोटो, कायमचा पत्ता, ओळखपत्र, नोकरीचे ठिकाण पोलिसांना कळवा. ऑनलाइनही कळवता येते. न कळवल्यास गुन्हा मालकावर. पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम १८८ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली. त्यात माहिती द्यायची असते, परवानगी मागायची नसते. सोसायटीचेही तेच. राज्याच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवून भाडेकराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडली की झाले. मालक भला असेल तर त्याला उपविधींचे ते पान दाखवावे. नाव ऐकूनच नकार द्यायचे ठरले असेल, तर कागद काय करणार!

खरी अडचण ज्याच्यावर कधी केस झाली त्याची. मोहल्ल्यातल्या भांडणात, एखाद्या मोर्चात नाव आले, वर्षे गेली, कोर्टाने निर्दोष सोडले. तरी "याच्यावर केस होती" एवढेच लोकांच्या लक्षात राहते. एफआयआरमध्ये नाव असणे म्हणजे गुन्हा शाबीत होणे नव्हे. अशा मुलाने निकालाची प्रमाणित प्रत कोर्टातून काढून घरात जपून ठेवावी. विचारले तर लपवू नये, प्रत पुढे करावी.

आणि मुंब्रा, कोंढव्यात घरे भाड्याने देणारे आपणही आहोत. त्याच मुलाला आपणही दारातून परत पाठवतो, आणि "ओळखीतला आहे" म्हणून दुसऱ्याला कागदाशिवाय किल्ली देतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादाच्या वेळी उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात.