शिक्षक-प्रशिक्षकांसाठी बहुमाध्यम साहित्य : निर्मिती आणि देवघेव

विद्यार्थ्यांसाठी केलेले दृक्‌श्राव्य साहित्यच शिक्षकांच्या प्रशिक्षकालाही पुरेल, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुतः या दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. विद्यार्थ्याला विषय दिसावा लागतो. प्रशिक्षकाला विषय शिकविण्याची क्रिया आणि विशेषतः मुलाच्या विचाराची वाट दिसावी लागते.

एक साधे उदाहरण घेऊ. ४२ मधून १७ वजा करताना काही मुले ३५ असे उत्तर लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधूनच २ काढतात. पाटीच्या छायाचित्रात चूक दिसते. तिच्यामागील तर्क मुलाच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणातून कळतो. दहा काड्यांची जुडी सोडून सुट्या काड्या करण्याची क्रिया चित्रफितीत चांगली दाखविता येते. ती फीत योग्य क्षणी थांबवून, ‘येथे आपण मुलाला काय विचाराल?’ हा प्रश्न छापील पत्रिकेने पुढे ठेवावा. एका माध्यमाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हेच बहुमाध्यम पद्धतीचे मर्म होय.

भारतात या पद्धतीचा मोठा प्रयोग ऑक्टोबर १९७५ मध्ये झाला. उपग्रहाद्वारे दूरदर्शन-शिक्षणाच्या योजनेत सहा राज्यांतील सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाध्यापनाचे १२ दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. दूरदर्शनच्या जोडीला नभोवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती यांची योजना होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. या प्रयोगाची एक मर्यादा मात्र उघड आहे : प्रक्षेपित झालेला पाठ स्थानिक प्रशिक्षकाला बदलता येत नसे.

ही मर्यादा किती महत्त्वाची आहे, हे परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याचा विचार करता ध्यानी येईल. पुण्यात ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाची भाषा मराठवाड्यातील खेड्यातल्या किंवा बंजारा तांड्यावरच्या मुलाची नसते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते मुद्रण ऐकणाऱ्या शिक्षकाला आपल्या वर्गातील मूल त्यात ओळखू येणार नाही. पालमच्या प्रशिक्षकाला पत्रिका तीच ठेवून, पालकांच्या संमतीने, स्थानिक मुलाचे बोलणे आणि तुरीच्या काड्यांच्या जुड्या तेथे घालता आल्या पाहिजेत.

यास्तव देवघेवीचा प्रश्न निर्मितीइतकाच मूलभूत आहे. नुसते पाहण्याची मुभा पुरेशी नाही. प्रत काढण्याची, बदल करण्याची आणि बदललेले साहित्य इतरांस देण्याची लेखी अनुज्ञा हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडाराने असाच परवाना स्वीकारला होता. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये स्थापन झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. संस्थांचे आयुष्य असे मर्यादित असू शकते. साहित्याच्या प्रती अनेकांपाशी असतील, तर साहित्य त्यांच्यामागेही टिकते.

म्हणून प्रत्येक साहित्यसंचासोबत मूळ ध्वनिमुद्रणे, संपादन करता येईल अशी पत्रिका आणि परवान्याचा स्पष्ट उल्लेख असावा. पालममध्ये झालेली सुधारणा परत मूळ भांडारात पोहोचली, म्हणजे गंगाखेड वा जिंतूरच्या प्रशिक्षकाला तेच श्रम पुन्हा करावे लागणार नाहीत.